मुलाच्या फिट्स, ‘पूर्वजांचा शाप’ आणि ७०,००० शिलिंगांचं बी: नैरोबीच्या ताईंना उत्तर

प्रभूमध्ये सलाम, ताई.

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं सगळं पुन्हा समोर आलं. मराठी उपासना जवळपास नाही म्हणून शेजारणीच्या चर्चला जायला लागलात. आता तिथले ‘प्रॉफेट’ म्हणतात की ९ वर्षांच्या मुलाच्या फिट्स म्हणजे सासरच्या पूर्वजांच्या मूर्तिपूजेचा शाप आहे. त्यावर उपाय म्हणून ७ शुक्रवार ‘केशा’ (रात्रभर जागून प्रार्थना), गोळ्या बंद आणि ७०,००० शिलिंगांचं ‘बी’, म्हणजे आशीर्वाद उगवावा म्हणून आधी ‘पेरायचे’ पैसे. आणि त्यांनी तुमचा फोन नंबर नि सासूबाईंचं नाव अचूक सांगितलं, म्हणून तुमचं मन डळमळलं आहे.

मी पाळक नाही, डॉक्टर नाही, वकीलही नाही. पवित्र आत्म्याची दानं आजही मिळतात असं मानणारी आहे, त्यामुळे माझं उत्तर ‘करिश्मॅटिक म्हणजे सगळं खोटं’ अशा पठडीतलं नाही.

आधी गोळ्या. फिट्सचं औषध एकदम थांबवलं तर फिट्स पूर्वीपेक्षा जोरात येऊ शकतात, एकामागून एक येत राहू शकतात आणि त्यात जीव जाऊ शकतो. किती डोस चुकले ते कागदावर लिहा आणि आजच डॉक्टरांना फोन करा. चुकलेले डोस भरून काढायला दुप्पट गोळ्या देऊ नका.

आता केशाबद्दल. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. जागरण हे फिट येण्याच्या सर्वांत ओळखीच्या कारणांपैकी एक आहे. त्यात गोळ्या बंद, मुलाला उपास, मोठा आवाज, गर्दी. अशा रात्री दोन-तीन वाजता मुलाला फिट आली नाही तरच नवल. ती आली की व्यासपीठावरून सांगतात, ‘बघा, दुरात्मा प्रकट झाला.’ म्हणजे ज्या गोष्टीने फिट आणली, तीच शापाचा पुरावा ठरते आणि पुढचे ६ शुक्रवार पक्के होतात. त्यात चार जण मुलाला दाबून धरतात, तोंडात अभिषेकाचं तेल ओततात. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. फिट आली तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, दाबून धरू नका, घड्याळ बघा. ५ मिनिटांच्या वर गेली तर थेट हॉस्पिटल.

ते बायबलातलं मत्तय १७ दाखवतील, तिथल्या मुलाला फेफरं होतं आणि प्रभूने भूत काढलं म्हणून. खरं आहे. पण त्याच मत्तयात ४:२४ उघडा: भूतग्रस्त, फेफरेकरी आणि पक्षघाती अशी वेगवेगळी नावं आहेत. प्रत्येक फेफरं म्हणजे भूत, असं मत्तय म्हणत नाही. औषधाविषयी विचारलंत तर पौलाचा सोबती लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४), तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं होतं (१ तीमथ्य ५:२३), आणि त्रफिमाला पौलाने मिलेतात आजारीच सोडलं (२ तीमथ्य ४:२०). पौलाच्या विश्वासात काही कमी होतं म्हणून का?

शापाचं म्हणाल तर निर्गम २०:५ (बापांच्या अपराधाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत) वाचतात आणि लगेच पुढचं सहावं वचन गाळतात, जिथे हजारो पिढ्यांवर दया आहे. यहेज्केल १८ पूर्ण वाचा, एका बैठकीत. ‘बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले’ ही म्हण इस्राएलात पुन्हा म्हणू नका, असं देव तिथे सांगतो. मग गलती ३:१३. ख्रिस्ताने शाप वाहिला असेल तर उरलेला शाप ७०,००० शिलिंगांत कसा फिटतो, हे त्यांना विचाराच. ताई, आपल्याला हे लवकर पटतं, कारण ‘पितरांचा कोप’, ‘करणी’, ‘भगताकडे नेऊन आणा’ हे आपण गावाकडे ऐकलेलं असतं. तिथल्या लोकांच्या मनातही पूर्वजांचं भय तितकंच जुनं आहे. ही शिकवण त्या भयातून सोडवत नाही, त्याचंच भाडं वसूल करते.

फोन नंबरचं गूढ साधं आहे. पहिल्या दिवशी प्रार्थनेच्या फॉर्मवर काय काय लिहिलंत ते आठवा. एम-पेसावर (मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा) पैसे पाठवताना नंबर टाकला की तो ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव दिसतं, हे तुम्ही रोज बघता. बाकीचं फेसबुकवर असतं, रांगेतल्या स्वयंसेविकेशी बोललेलं असतं. प्रत्येक वेळी फसवणूकच असते असं मी म्हणत नाही. पण २०१४ साली केनियातल्याच एका टीव्ही वाहिनीने दाखवलं होतं, की एका पाळकाकडे लोकांचे पाय धुताना ‘रक्त’ निघायचं ते पोटॅशियम परमँगनेटने रंगलेलं पाणी होतं. तिथे बियाचा दर होता ३१० शिलिंग.

माझी सर्वांत महागात पडलेली चूक सांगते. मी फक्त बायबलातल्या ‘अनुवाद’ पुस्तकातल्या १८:२२ ची कसोटी लावली, बोललेलं खरं ठरलं की नाही एवढीच. खरं ठरलं, म्हणून मान डोलावली. अनुवाद १३:१-३ वाचलंच नव्हतं. तिथे चिन्ह खरं ठरतं, आणि तरीही देव म्हणतो, त्या संदेष्ट्याचं ऐकू नका, कारण तो तुम्हाला दुसरीकडे नेतो आहे. म्हणून ‘नंबर बरोबर कसा आला’ हे कोडं नाही सुटलं तरी चालेल. या शब्दाने मुलाला ख्रिस्ताकडे नेलं की त्या माणसाच्या खुर्चीकडे, एवढं बघा. दुसरी चूक तक्रारीची. एका संघटनेच्या कार्यालयात सविस्तर पत्र दिलं, तर त्यांनी ते जसंच्या तसं त्याच पाळकाकडे ‘आपसात मिटवा’ म्हणून पाठवलं. पुढच्या रविवारी व्यासपीठावरून ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ (स्तोत्र १०५:१५) यावर संदेश झाला. ते वचन अब्राहाम, इसहाक, याकोब यांना राजांनी उपद्रव देऊ नये याबद्दल आहे. शिकवण तपासू नका, असं त्यात कुठेही नाही. म्हणून लेखी काही देण्याआधी ‘हे पत्र कोणाकोणाला दाखवणार?’ हे विचारून घ्या. आणि नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवतील त्याला भुलू नका. संस्था नोंदलेली आहे एवढंच त्यातून कळतं.

करण्यासारखं: भविष्यवाणी झाली त्याच दिवशी शब्दशः लिहा, तारीख आणि मागितलेली रक्कम टाका. आठ दिवसांनी आपलंच मन शब्द बदलतं. पैसे ज्या नंबरवर मागतात तो मंडळीच्या नावावर आहे की व्यक्तीच्या, ते बघा. १ करिंथ १४:२९ प्रमाणे दोघा-तिघांनी बोलावं आणि इतरांनी पारख करावी. तुमच्याकडे पारख करणारे ते ‘इतर’ कोण, त्यांची नावं विचारा. नाव मिळालं नाही तर उत्तर मिळालं. दशमांशासाठी (उत्पन्नाचा दहावा भाग देण्यासाठी) मलाखी ३ सांगतील; सोबत अनुवाद १४:२८-२९ ठेवा, तिथे तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेवी (मंदिरसेवा करणारे), परका, अनाथ आणि विधवा यांच्या पोटात जातो. ‘दीदाखे’ नावाच्या अगदी जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत तर स्पष्ट आहे की आत्म्यात येऊन ‘मला पैसे द्या’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. गरजूंसाठी मागत असेल तर गोष्ट वेगळी.

आणि कृपा करून ‘आफ्रिकेतली चर्चेस अशीच’ असं कोणी खाली लिहू नका. समृद्धीच्या शिकवणीवर (पैसे द्या, देव श्रीमंती आणि आरोग्य देईल) कडक निवेदन आफ्रिकेतल्याच ख्रिस्ती अभ्यासकांनी २००८ आणि २००९ मध्ये घानातल्या अक्रोपाँगला बसून तयार केलं. त्या शिकवणीचा मोठा भाग अमेरिकेतून आला आहे. १९३० च्या दशकात रवांडातल्या गाहिनीहून पूर्व आफ्रिकेत जे संजीवन (आध्यात्मिक जागृती) पसरलं, त्यात लोक पाप कबूल करत होते, चोरलेलं परत करत होते. आत्म्याचं काम बघायचं असेल तर तिथे बघा. दुसऱ्या टोकाला २०२३ चं शाकाहोला आहे, केनियातल्याच किलिफी काउंटीतलं. येशूला भेटायला उपाशी मरा, ही शिकवण ऐकून ४०० हून अधिक माणसं गेली, त्यात लेकरं होती. तुमची मंडळी तशी आहे असं मी म्हणत नाही. पण मुलाची गोळी आणि जेवण थांबवायला सांगणाऱ्या कोणत्याही शब्दापुढे मी तरी थांबून पारख करणार नाही, सरळ उठून येईन.

शेजारणीशी भांडू नका, ती मनापासून तुमच्या भल्यासाठी घेऊन गेली असेल. मंडळी सोडताना जाहीर खुलासाही नको. व्हॉट्सॲप गटातून बाहेर पडा, फॉर्मवरची माहिती काढून टाकायला दोन ओळींत लिहा, पैसे देऊ नका. या शुक्रवारी जाऊ नका. त्या रात्री मुलाला जेवू घाला, डॉक्टरांनी सांगितलेली गोळी द्या, नऊला झोपवा आणि प्रार्थना त्याच्या उशाशी बसून हळू आवाजात करा.