कोल्हापुरात साध्यासुध्या जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरवलं तर लोक येतील का?

तुम्ही विचारलंय की वडिलांची १९८७ सालची प्रीमियर पद्मिनी अजून चालती आहे, अशा साध्या गाड्यांचं घरच्यांना घेऊन जाता येईल असं प्रदर्शन कोल्हापुरात भरवलं तर कुणी येईल का, की लोकांना राजेरजवाड्यांच्याच गाड्या बघायच्या असतात.

येतील. हे मी अंदाजानं सांगत नाही. गेली तीन वर्षं आम्ही काही ओळखीची घरं थंडीतल्या एका रविवारी सकाळी एका शाळेच्या मैदानावर आपापल्या जुन्या गाड्या आणून लावतो. पहिल्या वर्षी ११ गाड्या होत्या, यंदा ३४ झाल्या. तिकीट नाही, स्टेज नाही, पाहुणे नाहीत. तरी नऊ वाजेपर्यंत मैदानात पाय ठेवायला जागा राहत नाही.

दसऱ्याला दसरा चौकात सोनं लुटायला छत्रपती घराण्याची मेबॅक येते. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी ती बघितली आहे, आणि आजही ती वळणावर दिसली की अंगावर काटा येतो. त्या गाडीचा मान तिचा आहे, तो कुणी घेऊ शकत नाही. पण मेबॅककडं माणूस दोरीच्या अलीकडं उभा राहून बघतो. फियाटजवळ, म्हणजे तुमच्या पद्मिनीसारख्या गाडीजवळ, आला की तो सरळ दाराच्या हँडलला हात घालतो, कारण ते दार त्यानं आयुष्यात हजार वेळा उघडलेलं असतं. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तिथं मिळालं. अशा ठिकाणी लोक गाडी बघायला येत नाहीत, स्वतःची गाडी शोधायला येतात.

दुसऱ्या वर्षी उत्तरेश्वर पेठेतल्या एक आजी नातवंडांबरोबर आल्या होत्या. पांढऱ्या फियाटच्या मागच्या सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, "पुढची ती बारकी तिकोनी काच उघडा बघू." उघडली. मग त्यांनी नातवंडांना सांगितलं की आंबा घाटात त्यांना गाडी लागायची, तेव्हा आजोबा ती काच अशी फिरवायचे की वारा नेमका त्यांच्या तोंडावर यायचा. आजोबा त्या पोरांनी बघितलेले नव्हते. त्यांच्याबद्दलची ही गोष्ट पोरांना पहिल्यांदा कळली ती एका काचेमुळं. शेजारी एक दहा-बारा वर्षांचा मुलगा स्टेअरिंगखालचा गिअरचा दांडा बघून "काका, वायपरचा दांडा एवढा मोठा का?" असं विचारत होता. त्याच्या वडिलांनी अर्धा तास बसून त्याला चारही गिअर टाकून दाखवले.

मारुती ८०० 'जुनी' म्हणायची का, असं आम्हाला दरवर्षी कुणीतरी विचारतं. म्हणायचीच. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मालकाच्या हातात किल्ली पडली, २०१४ ला उत्पादन थांबलं. त्याच वर्षी अँबॅसिडरही थांबली. मारुती यायच्या आधी गाडी म्हणजे फियाट नाहीतर अँबॅसिडर, आणि नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. ७९६ सीसीच्या, तीन सिलिंडरच्या या गाडीनं मास्तरांच्या, दुकानदारांच्या, बागायतदारांच्या दारात चारचाकी आणली. आता सुरुवातीच्या जुन्या आकाराची मारुती तुम्ही शेवटची कधी बघितली ते आठवून बघा. जी गाडी सगळ्यांकडं असते ती जपायची आहे असं कुणालाच वाटत नाही, म्हणून तीच आधी भंगारात जाते. माझं स्पष्ट मत आहे की मैदानात शिरताना पहिली रांग मारुती आणि ओम्नीची ठेवा. डुक्कर फियाट, म्हणजे पद्मिनीच्याही आधीची गोलसर फियाट, मिळाली तर सोन्याहून पिवळं, पण ती मधे कुठंतरी लावा, लोक हुडकत जातातच. काही वर्षांनी याच रांगेत देवूची सिएलो आणि टाटाची पहिली इंडिका असायला हवी, तेव्हा ज्यांच्याकडं आहे त्यांना आत्ताच सांगून ठेवा की विकू नका.

हे खूळ आपलंच आहे असंही नाही. ब्रिटनमध्ये २०१४ पासून 'फेस्टिव्हल ऑफ द अनएक्सेप्शनल' म्हणून रोजच्या वापरातल्या जुन्या गाड्यांचा मेळा भरतो आणि स्पर्धाही त्यांचीच असते.

शिवाय कोल्हापूरकराला हे जास्त शोभतं. ज्या गावात फौंड्रीत ओतकाम होतं, उद्यमनगरात लेथ फिरतात, शेतावरची ऑइल इंजिनं ज्या गावानं बनवली, त्या गावात पार्ट मिळत नाही म्हणून गाडी मोडीत काढायची हे मला पटत नाही. शेजारच्या इचलकरंजीत तर शंकरराव कुलकर्णींनी 'मीरा' नावाची छोटी मोटार स्वतः बनवली होती, पहिली १९४९ साली. ती कारखान्यातून बाहेर पडून लोकांच्या दारात कधी गेली नाही, पण बनवायची हिंमत याच मातीतली.

माझ्याच घरचं सांगतो. २०१९ च्या महापुरात शाहूपुरीत आमची १९८१ ची पद्मिनी तीन दिवस पाण्यात होती, स्टेअरिंगपर्यंत. पाणी उतरल्यावर डिपस्टिक काढली तर ऑइल दुधासारखं पांढरं, म्हणजे इंजिनात पाणी शिरलेलं. पहिल्या गॅरेजवाल्यानं गाडीला हातही न लावता भंगाराचा भाव सांगितला. वडील त्या रात्री जेवले नाहीत. मग उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल ओतलं, चार दिवस तसंच ठेवलं, रोज हातानं इंजिन थोडं थोडं फिरवून बघितलं. पाचव्या दिवशी ते मोकळं झालं. वायरिंग सगळं नवीन घालावं लागलं. वॉटर पंपाचा शाफ्ट बाजारात मिळाला नाही, तो त्यांनी जुन्याचं माप घेऊन लेथवर करून दिला. त्याच शाफ्टवर गाडी आजही जोतिबाला जाते. दरवर्षी आम्ही त्या मिस्त्रींना गाडीशेजारी खुर्ची टाकून बसवतो, आणि सगळ्यात जास्त गर्दी त्यांच्याभोवती असते. तुम्हीही तुमच्या मिस्त्रींना बोलवा. मालकापेक्षा त्यांना गाडी जास्त माहीत असते.

आम्ही केलेली एक चूक मात्र टाळा. दुसऱ्या वर्षी आम्ही 'सर्वांत चकाचक गाडी' असं बक्षीस ठेवलं. ते गेलं महिन्यापूर्वी पूर्ण रंगवून आणलेल्या गाडीला, आणि उन्हानं रंग उडालेली, पहिल्या मालकाचीच ओम्नी घेऊन आलेले गडहिंग्लजचे गृहस्थ न बोलता लवकर निघून गेले. मला ते फार लागलं. आता एकच मान ठेवलाय, एकाच घरात सर्वांत जास्त वर्षं राहिलेल्या गाडीला नारळ आणि फेटा.

घरचे सगळे यायचे असतील तर वेळ सकाळी सात ते अकराच ठेवा, नंतर ऊन आणि चिडचिड. बायकांसाठी स्वच्छ संडास असलेलीच जागा निवडा, म्हणून तर आम्ही शाळा धरली. म्हाताऱ्या माणसांना सावलीत खुर्च्या हव्यात. पोरांना गाडीत बसू द्याच, त्यासाठीच तर सगळं. पण ज्या गाडीत पोरं बसणार तिच्या बॅटरीची एक तार काढून ठेवा, किल्ली मालकाच्या खिशात आणि चाकाला वीट. जुन्या हँडब्रेकवर भरवसा नको. गर्दीत इंजिन सुरू करायचं नाही, आणि वाळूच्या बादल्या जवळ असू द्या.

इंजिनाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट, प्रदर्शन असो वा नसो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ऊस आपला, त्यामुळं त्याविरुद्ध बोलायचं नाही, पण पद्मिनीच्या काळातले रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरची पॅकिंगं त्यासाठी बनलेली नव्हती. ती फुगतात, चिरतात, आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकलं तर पुढचं सांगायला नको. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून गाडी महिनोन्महिने उभी असेल तर टाकीत गंज धरतो. इथेनॉल सोसणारे पाइप घाला, आणि आठवड्यातून एकदा तरी रंकाळ्याला चक्कर मारून आणा.

कागदांचं थोडक्यात. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नोंदणी वाढवावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. २०२१ च्या नियमानं ५० वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा व्हिंटेज नंबर मिळतो, पण मग ती रोज रस्त्यावर काढता येत नाही. तुमच्या गाडीला तो २०३७ शिवाय लागूही होत नाही, तेव्हा आहे तीच नोंदणी चालू ठेवा.

सुरुवातीला दहा गाड्या पुरतात. प्रत्येक गाडीपुढं एका पुठ्ठ्यावर हातानं लिहून लावा की ती कुणी, कुठल्या साली, कशासाठी घेतली. वडिलांचं जुनं आरसी बुक अजून असेल तर ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बॉनेटवर ठेवा. आमच्याकडं लोक गाडीच्या आधी तेच हातात घेतात, आणि त्यातला पत्ता वाचून "अहो, हे तर आमच्या मागच्या गल्लीतलं घर" म्हणतात.