सारे काही पाळकांच्याच हाती

प्रश्न : मी आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) कमिटीवर आहे. आमचे पाळक (पास्टर) प्रामाणिक व कष्टाळू आहेत. परंतु संदेश, गृहभेटी, दानार्पणाचा हिशेब, इतकेच काय, सभागृहाच्या किल्ल्यादेखील ते स्वतःकडेच ठेवतात. अलीकडे आजाऱ्यांच्या भेटी राहून जातात आणि दोन-तीन कुटुंबे उपासनेला येईनाशी झाली आहेत. विषय काढला की ‘मंडळीत फूट पाडू नका’ असे ऐकावे लागते. आम्ही काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रात पाळकांविषयीचा आदर दिसतो, ही जमेची बाजू आहे. तक्रार करणे आणि फूट पाडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायावरून स्पष्ट होते. यरुशलेमेतील मंडळी वाढत होती आणि नेमक्या त्याच काळात, रोजच्या अन्नाच्या वाटणीत आपल्या विधवांची उपेक्षा होते अशी कुरकुर ग्रीक बोलणाऱ्या यहूदी विश्वासणाऱ्यांनी केली. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या बारा निवडक शिष्यांनी, कुरकुर करणाऱ्यांना गप्प केले नाही आणि वाटणीचे काम स्वतःच्या अंगावरही घेतले नाही. त्यांनी सर्व शिष्यांना बोलावून चांगल्या नावलौकिकाची, आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण अशी सात माणसे निवडायला सांगितले. लोकांनी निवड केली आणि प्रेषितांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. स्तेफन, फिलिप्प यांच्यासह त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती ती वाटणी सोपवली गेली. इतका विश्वास टाकायला मोठे मन लागते. पुढच्याच ओळींत शिष्यांची संख्या फार वाढल्याचे लिहिले आहे.

पाळकांचा थकवा हा त्यांचा दोष म्हणून मांडू नये. इस्राएली लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करीत बसलेला पाहून त्याचा सासरा इथ्रो याने त्याला सांगितले की, अशाने तूही थकशील आणि हे लोकही थकतील. आणि हजार, शंभर, पन्नास व दहा लोकांवर नायक नेमण्याचा सल्ला दिला (निर्गम १८). आपल्याकडे मात्र आपण पाळकांच्या दमण्याचे कौतुक करतो आणि तेवढ्यावर भागवतो, हे मला खटकते. नव्या करारातील मंडळ्यांत ‘वडील’ (मंडळीचा कारभार पाहणारे पुढारी) बहुधा अनेकवचनी येतात : प्रेषित पौल व त्याचा सोबती बर्णबा यांनी प्रत्येक मंडळीत वडील नेमले, आणि पौलाने मिलेताहून इफिसच्या मंडळीच्या वडिलांना बोलावून घेतले, एकट्या पाळकाला नव्हे.

सुरुवात पैशापासून करावी, कारण तेथे बदल सर्वांत सोपा असतो आणि नेमका तेथेच संशय लवकर शिरतो. यरुशलेमेसाठी गोळा झालेली देणगी पोहोचवताना पौलाने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला बंधू पाठवला आणि कारणही लिहिले : केवळ प्रभूच्या नव्हे, तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते आम्ही पाहतो (२ करिंथ ८). आपल्याकडे उपासना संपताच, एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोघांनी टेबलावर दानार्पण मोजावे, रक्कम वहीत अंकी व अक्षरी लिहून दोघांनी सह्या कराव्यात, तिसऱ्याने ती बँकेत भरावी आणि दर महिन्याला जमाखर्च मंडळीपुढे वाचावा. यात पाळकांवर अविश्वास नाही. उलट, उद्या कोणी बोट दाखवले तर ही वहीच त्यांच्या बाजूने उभी राहील. त्यांना हे असेच समजावून सांगा.

गृहभेटींसाठी मात्र नुसती यादी पुरत नाही. आजाऱ्याच्या उशाशी काय बोलावे आणि कधी गप्प बसावे हे पाळकांसोबत जाऊनच शिकता येते, म्हणून आरंभी दोघा-तिघांनी त्यांच्याबरोबर जावे.

हे सारे पाळकांशी आधी एकांतात बोला (मत्तय १८ मधील क्रम हाच आहे), मगच कमिटीत मांडा. आणि जी कुटुंबे येत नाहीत, त्यांच्या घरी परत बोलावण्यासाठी नव्हे, तर ऐकून घेण्यासाठी जा.

प्रश्न : आमच्या कमिटीवर वर्षानुवर्षे एकाच घराण्यातील माणसे आहेत. नवीन विश्वासणाऱ्यांना लगेच घ्यावे काय?

उत्तर : लगेच नको. मंडळीचा अध्यक्ष नवशिका नसावा आणि सेवकांची आधी पारख व्हावी, असे १ तीमथ्य ३ मध्ये आहे. पण पारख व्हायची तर काम मिळायला हवे. संडे स्कूलचा एक वर्ग किंवा प्रार्थना सभेची व्यवस्था त्यांच्याकडे वर्षभर सोपवून पाहा. कमिटीच्या सभासदांसाठी मुदत ठरवा आणि ती संपल्यावर काही काळ पद सोडण्याचा नियम लिखित करा. तो त्या घराण्याच्या नावाने नव्हे, सर्वांसाठी असावा.