शियामेनला फॅमिलीसकट शिफ्ट होताय, तर हे सगळं वाचून घ्या

ताई, तुमच्या मिस्टरांना चीनमधल्या शियामेनच्या ग्रॅनाइट कंपनीची ऑफर आलीय, मुलगी दुसरीत आहे, आणि गाव कसं, लोक कसे, सरकारी कामं कशी होतात ते तुम्ही विचारलंत, म्हणून जरा लांबच लिहितोय. मी इथेच याच लाइनमध्ये आहे, बायको-मुलगा पण इथेच.

आधी लोकांबद्दल, कारण बाकी सगळं त्यावरून कळतं. हे गावच मुळात बाहेर गेलेल्यांचं आहे. १८४२ च्या नानजिंग तहानंतर इंग्रजांनी जी पाच बंदरं उघडायला लावली त्यातलं हे एक, तेव्हा याला अमॉय म्हणायचे. इथून आणि आजूबाजूच्या गावांतून लाखो माणसं सिंगापूर, मलाया, फिलिपिन्सला पोटासाठी गेली आणि तिकडून पैसे पाठवत राहिली. झोंगशान रोडवर खाली दुकान, वर घर आणि पुढे कमानीचा व्हरांडा असल्या जुन्या इमारती दिसतील, त्यातल्या कितीतरी त्याच पैशातून उभ्या राहिल्यात. तान का की नावाचा जिमेईचा (हा शियामेनचाच बेटाबाहेरचा भाग) मुलगा १८९० मध्ये सिंगापूरला गेला, रबर आणि अननसात खूप कमावलं आणि १९२१ मध्ये इथे शियामेन युनिव्हर्सिटी काढली, धंदा बुडत असतानासुद्धा तिला पैसे देत राहिला. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. जिमेईत त्याची समाधी आहे, मुलीला नक्की दाखवा. इथे कुणाच्या तरी घरचं कुणीतरी परदेशात असतंच, त्यामुळे परका माणूस आला म्हणून कुणी दचकत नाही. शेजारच्या म्हाताऱ्या बाई तुम्हाला घरात बोलावून छोट्या छोट्या कपांत तिएग्वानयिन चहा पाजतील, कप रिकामा झाला की परत भरतात, नको असेल तर भरलेला तसाच ठेवायचा. म्हातारी माणसं आपसात मिन्नान, म्हणजे इथली स्थानिक बोली, बोलतात, ते कळलं नाही तर मनावर घेऊ नका, बाहेरून आलेल्या चिनी लोकांनाही ते कळत नाही. तुम्ही मँडरिन मात्र निघायच्या आधीच सुरू करा.

आता कारभार. महापौर आहे पण त्याच्या वर कम्युनिस्ट पक्षाचा सेक्रेटरी, खरी सूत्रं त्याच्याकडे. शी जिनपिंग १९८५ ते ८८ इथे उपमहापौर होते. १९८० मध्ये हूली भागात अडीच चौरस किलोमीटरवर स्पेशल इकॉनॉमिक झोन मंजूर झाला आणि आज शहराची लोकसंख्या ५० लाखांच्या वर आहे. शहर फूच्येन प्रांतात येतं पण दर्जा उप-प्रांताचा, प्लॅनिंग बरंचसं स्वतःचं स्वतः करतं, म्हणून रस्ते, मेट्रो, बीआरटी सगळं झपाट्यानं झालं. आपल्याकडे नळाला पाणी नाही आलं की नगरसेवकाला फोन करतो तसं इथे नाही, सोसायटीचं ऑफिस, मग वॉर्डाची समिती, नाहीतर १२३४५ ही सरकारी हेल्पलाइन, आणि तिथे तक्रार नोंदवली की बहुतेक वेळा फोन येतोच.

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पोलीस चौकी. भाड्याच्या घरात राहायला गेल्यावर २४ तासांत नाव नोंदवायचं, घर बदललं की परत, आणि आल्यापासून ३० दिवसांत रेसिडन्स परमिटचा अर्ज. मिस्टरांचा झेड (नोकरीचा) व्हिसा, तुमचा आणि मुलीचा एस-१ (कुटुंबाचा). लग्नाचा दाखला आणि मुलीचा जन्मदाखला भारतातूनच अटेस्ट करून आणा, इथे येऊन ते काम करायचं म्हणजे जीव जातो, आमच्या ओळखीतलं एक कुटुंब त्यापायी कितीतरी महिने लटकलं होतं. घरमालक नोंदणीला टाळाटाळ करत असेल तर ते घर घेऊच नका.

शियामेनचा मूळ भाग एका बेटावर आहे, बाकीचा बेटाबाहेर. मग घर बेटावर घ्यायचं की बाहेर? सिमिंग आणि हूली हे भाग बेटावर, भाडं खूप. इंटरनॅशनल स्कूल जिमेईत आहे आणि फी जबरदस्त आहे, ती कंपनी देणार का हे ऑफर लेटरमध्ये लिहूनच घ्या. देत असतील तर सरळ जिमेईत राहा.

तैवानची भीती बऱ्याच जणांना वाटते. किनमेन बेट तैवानच्या ताब्यात आहे आणि इथल्या किनाऱ्यावरून दिसतं, १९५८ मध्ये चीननं त्यावर तोफा डागल्या होत्या, तो मारा १९७९ पर्यंत अधूनमधून चालूच होता. २००१ पासून फेरी चालते, अर्ध्या तासात पोचते, आपल्याला वेगळा व्हिसा लागतो. रोजच्या जगण्यात तणाव असा जाणवत नाही. खरी काळजी वादळांची, सप्टेंबर २०१६ च्या मेरांती वादळानं शहरातली झाडं आडवी केली होती, म्हणून वरच्या मजल्यावर घर घेतलंत तर खिडक्या नीट बघा.

त्याच सुमारास मून फेस्टिव्हल असतो, तेव्हा ऑफिसात, घराघरात बोबिंग खेळतात. चिनी मातीच्या वाडग्यात सहा फासे टाकायचे, लाल रंगाचे चार चौके पडले की सगळ्यात मोठं बक्षीस. मुलं यात पार रमतात, तुमच्या मुलीला पहिल्या ओळखी तिथेच होतील.

शाकाहारी असाल तर नानपुतुओ देवळातलं जेवण चांगलं आहे, बाहेर मात्र सूपमध्ये सुकी कोळंबी असतेच. तूरडाळ, गोडा मसाला आणि कुकर आणा.

जॉइनिंगची तारीख काय आहे आणि कंपनी बेटावर आहे की बाहेर ते सांगा, त्यावरून कुठल्या भागात घर बघायचं ते नीट सांगता येईल.