परसात पाळण्यासाठी लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड आणि ऑर्पिंग्टन यांपैकी कोणती कोंबडी घ्यावी?

आपण लिहिले आहे की परसात सहा कोंबड्या पाळायच्या आहेत, या तीन जाती नजरेसमोर आहेत आणि त्यातली ऑर्पिंग्टन ‘नुसती शोभेची आणि सारखी खुडूक बसणारी’ (म्हणजे अंडी घालायचे थांबवून उबवायला बसून राहणारी) असल्यामुळे तिचे नाव आपण जवळजवळ खोडलेच आहे. मी उत्तर लिहायला बसलो तो या शेवटच्या वाक्यामुळे. थोड्याफार फरकाने हेच शब्द मी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून चार वर्षे ऐकत आलो आहे.

आकडे दादाच्या बाजूचे आहेत, ते आधी सांगून टाकतो. दोन किलोच्या आसपास भरणारी पांढरी लेगहॉर्न चांगल्या वर्षात 280 पर्यंत पांढरी अंडी देते आणि दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाद्य खाते. म्हणजे एका अंड्यामागे सुमारे 143 ग्रॅम. ऑर्पिंग्टन तीन-साडेतीन किलोची. तिला दिवसाला 140 ग्रॅम खाद्य आणि वर्षाला 150 अंडी धरली, तर तिचे एक अंडे 340 ग्रॅम खाद्याला पडते. ऱ्होड आयलंड रेड या दोघींच्या मध्ये, 200 ते 250 तपकिरी अंडी. आपला हिशेब एवढ्यावरच संपणार असेल, तर लेगहॉर्न घ्यावी आणि पुढचे वाचू नये.

आम्ही सुरुवातीला तीन लेगहॉर्न, दोन रेड आणि एक बदामी ऑर्पिंग्टन आणली होती. सोबत एक रेड कोंबडाही होता. दादाने पहिल्याच दिवशी रकाने आखून वही केली. रंगावरून अंडे कोणाचे ते कळत असे : पांढरे लेगहॉर्नचे, गडद तपकिरी रेडचे आणि फिकट तपकिरी ऑर्पिंग्टनचे. वर्षअखेरीस ऑर्पिंग्टनच्या रकान्यात 148 अंडी होती आणि तो रकाना मला रोज दाखवला जात असे. लेगहॉर्न किती वेळा कुंपणावरून उडून पलीकडे गेल्या, एका बाजूच्या पंखाची लांब पिसे कापूनही पुढच्या पीसगळीनंतर त्या पुन्हा कशा उडू लागल्या, आणि खुराड्याचे दार जरा जोरात लागले तरी तिघी कशा भिंतीवर आदळत, यासाठी वहीत रकाना नव्हता. रेड धीट आणि काटक खरी, पण दांडगीही तेवढीच. आमच्या दोन्ही रेड त्या थोराड ऑर्पिंग्टनला खाद्याच्या भांड्याजवळ येऊ देत नसत, आणि ती दुप्पट अंगाची असूनही मान खाली घालून बाजूला उभी राहत असे. दोन कोपऱ्यांत दोन भांडी ठेवल्यावर तो प्रश्न सुटला.

दुसऱ्या वर्षी ऑर्पिंग्टन खुडूक बसली. अंडी घालायच्या खोक्यात ती अंग पसरून भाकरीसारखी चपटी झाली होती, हात जवळ नेला की पिसे फुलवून घशातून कुर्र असा आवाज काढत असे, आणि पोटाखाली चाचपले तर छातीची पिसे उपटून तिने कातडी उघडी केलेली लागत असे. दिवसातून एकदा, जेमतेम दहा मिनिटे, ती खाली उतरायची, भराभर खायची, एकच मोठी, घाण वासाची विष्ठा टाकायची आणि पुन्हा आत जायची. दादा म्हणाला, “ही आता दोन-तीन महिने फुकट खाणार.” गणित चूक नव्हते. एकवीस दिवस उबवणे आणि मग पाच-सहा आठवडे पिल्ले सांभाळणे, एवढ्या काळात अंडे नाहीच. 150 हा आकडा कमी दिसतो त्यात या रजेचाही वाटा असतो. पोटाला खालून वारा लागला की खुडूक उतरते म्हणून त्याने तिला जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात तीन दिवस ठेवले. चौथ्या दिवशी सकाळी दार उघडले, आणि ती पाणीसुद्धा न पिता सरळ खोक्यात जाऊन बसली.

त्याच संध्याकाळी, अंधार पडल्यावर, दादाला न विचारता मी तिच्याखाली अकरा अंडी सरकवली. त्यातली सहा लेगहॉर्नची होती, पाच रेडची, तिचे स्वतःचे एकही नव्हते. तिने एकेक अंडे चोचीने ओढून पंखाखाली नीट लावून घेतले. सातव्या दिवशी टॉर्च लावून पाहिले तेव्हा दोन अंडी वांझ निघाली, ती काढून टाकली. एकविसाव्या दिवशी सकाळी तिच्या छातीच्या पिसांतून एक ओले डोके बाहेर आले होते, आणि ती अंड्यांशी बोलावे तशी हळू आवाजात कुटकुटत होती. नऊपैकी एक पिल्लू टरफलातच मेले, आठ निघाली. उबवणी यंत्र, दिवा, तापमापक यांपैकी कशालाही आम्ही हात लावला नव्हता. लेगहॉर्नमधून अंड्यांच्या हव्यासापायी खुडूक बसण्याची प्रवृत्ती निवडून निवडून जवळजवळ काढून टाकलेली आहे, त्यामुळे तिच्या अंड्यातून तिचेच पिल्लू हवे असेल तरी दुसरीची कूस उसनी घ्यावी लागते. एवढे साधे वाक्य मी दादाला त्या दिवशी ऐकवले आणि त्याने पिल्ले मोजायला सुरुवात केली.

त्या आठांत पाच कोंबडे निघाले, हेही सांगायला हवे. दादा महिनाभर हसत होता, आणि त्या पाचांचे खाद्य त्याने वहीत ऑर्पिंग्टनच्या नावावर टाकले.

‘शोभेची’ या शब्दाबद्दलही थोडे. ही जात विल्यम कुक यांनी इंग्लंडमधील केंट परगण्यात 1886 मध्ये पुढे आणली ती अंडी आणि मांस दोन्हींसाठी. पिसांचा तो फुगीर डामडौल प्रदर्शनवाल्यांनी नंतर वाढवला. याच जातीतल्या काळ्या ऑर्पिंग्टन ऑस्ट्रेलियात गेल्या, तिथे अंड्यांसाठी निवडत नेल्यावर त्यांतून ऑस्ट्रेलॉर्प ही जात झाली आणि तिच्या एका कोंबडीने 365 दिवसांत 364 अंडी दिल्याची नोंद आहे. रक्त तेच, निवड वेगळी. म्हणून विकणाऱ्याला जातीचे नाव विचारून थांबू नये, ज्या कोंबडीची ती पिल्ले आहेत तिने किती अंडी दिली ते विचारावे. सांगता येत नसेल तर त्याच्याकडून घेऊ नये. ‘वर्षाला 300’ अशी जाहिरात असलेल्या संकरित तपकिरी कोंबड्यांची अंडी उबवून मात्र तसलीच पिल्ले मिळत नाहीत, आणि दीड-दोन वर्षांनी त्यांची अंडी कमी झाली की पुन्हा नव्या तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या, विकत आणाव्या लागतात.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर : तीन रेड, दोन लेगहॉर्न आणि एक ऑर्पिंग्टन. कुंपण उंच करता येत नसेल तर लेगहॉर्न वगळून पाचही रेड घ्याव्यात. ऑर्पिंग्टन वगळू नये. नुसती उबवायलाच हवी असेल तर सिल्की ही जात याहून हट्टी आणि असील ही झुंजीची जातही उत्तम, पण असील इतरांशी भांडते. कडकनाथ या कामी भरवशाची नाही.

आता पुरवणी. कोंबडा नसेल तर अंडी फळणार नाहीत, आणि कोंबडा ठेवल्यास शेजाऱ्यांना पहाटे काय ऐकावे लागेल याचा विचार आपणच करावा. बाहेरून फळलेली अंडी आणून खाली सरकवता येतात. उन्हाळा कडक असेल तर दाट पिसांच्या ऑर्पिंग्टनला सावली आणि गार पाणी लागते. त्या हवेत मोठ्या तुऱ्याची, हलक्या अंगाची लेगहॉर्न जास्त सुखी असते. सगळ्याच ऑर्पिंग्टन खुडूक बसतात असेही नाही, आणि माझा सारा अनुभव एका कोंबडीवर आधारलेला आहे, हे दादा आपल्याला सांगेल त्याआधी मीच सांगतो.

पुढच्या वर्षी तिन्ही लेगहॉर्नची अंडी कमी होत गेली, आणि नेमक्या तेव्हा त्या आठांतल्या तीन तलंगा अंड्यावर आल्या. त्यांतल्या दोघी लेगहॉर्नच्या अंड्यांतल्या, बाप रेड. अंगाने पांढऱ्या, मानेवर तांबूस छटा, आणि अंडी सायीच्या रंगाची : पांढऱ्या रकान्यात बसत नाहीत, तपकिरी रकान्यातही नाहीत. ती ऑर्पिंग्टनच्या नावावर लिहावीत असा माझा आग्रह आहे. दादाने त्यांच्यासाठी ‘इतर’ असा चौथा रकाना काढला आहे.