जेवणं झाली की खाली या!

प्रश्न: नाशिकला आमची ३२ फ्लॅटची सोसायटी आहे, निम्म्या घरांत शुगर नाहीतर बीपीच्या गोळ्या चालू आहेत. जानेवारीत मी ग्रुपवर मेसेज टाकला की रोज पहाटे साडेपाचला सगळ्यांनी वॉकला यायचं, १० हजार पावलं करायचीच. पहिल्या दिवशी १९ जण आले, आठवड्यात आम्ही तिघं रिटायर मंडळी उरलो. लोकांना तब्येतीचं काहीच पडलेलं नाही का? काय करू?

उत्तर: दादा, पडलेलं असतं हो, पण साडेपाचला कोण येऊ शकतं ते बघा ना. ज्या बाईला दोन डबे करायचेत, पाणी भरायचंय, पोराला स्कूलबसपर्यंत सोडायचंय ती कशी येणार, आणि ज्याला सातची कंपनीची बस पकडायचीय तो तरी कसा येणार?

आणि ते १० हजार आधी काढून टाका. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलं मोजणारं' अशा अर्थाचं होतं, तिथून हा आकडा जगभर पसरला, डॉक्टरांनी अभ्यास करून काढलेला नव्हता. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, आणि तो अर्धा तास सलग नसला, १०-१० मिनिटांचे तुकडे झाले तरी धरला जातो.

माझं ऐकाल तर रात्रीची शतपावली सुरू करा. शब्द आपल्या घरातलाच आहे, कोणाला समजावून सांगायला नको. जेवल्यावर रक्तातली साखर चढायला लागते, तेव्हाच पाय हलले की मांडीचे, पोटरीचे स्नायू ती साखर ओढून घेतात, त्यामुळे शुगरवाल्यांना हीच वेळ जास्त कामाची. नऊ वाजता गेटपाशी जमायचं, पार्किंगभोवती १५ मिनिटं फिरायचं, घरी. पार्किंगमधला बंद दिवा मात्र सेक्रेटरींच्या मागे लागून आधी बदलून घ्या, अंधारात पडायच्या भीतीनेच म्हातारी माणसं उतरत नाहीत.

पंधरा दिवसांनी मंडळी रुळली की ज्यांना जमेल त्यांनी संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी जरा झपाझप चालायचं. वेग ओळखायचा कसा, तर गप्पा मारता येतायत पण गाणं म्हणता येत नाहीये, तो बरोबर.

आणखी एक. मेसेजला अंगठा दाखवून माणूस झोपून जातो हो, पण शेजारच्या काकूंनी बेल वाजवून 'चल गं, दोन फेऱ्या मारू' म्हटलं की चपला घालतोच. आळंदीहून पंढरपूरला सत्तरीची माणसं अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालत जातात, त्यात विठ्ठलाची ओढ तर आहेच, पण दिंडीही असते ना, आज कोण मागे राहिलं ते बरोबरच्यांना लगेच कळतं. तसं प्रत्येक मजल्यावर एकाने बेल वाजवायची जबाबदारी घ्या, महिनाभर करून बघा. इन्सुलिनवाल्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवायचीच, आणि चालताना छातीत दुखलं, डावा हात भरून आला तर तिथेच थांबायचं आणि लगेच हॉस्पिटल गाठायचं, घरी जाऊन पडून बघू असं अजिबात नको.

प्रश्न: माझे गुडघे दुखतात, वय ५८. चालले तर अजून झिजतील ना?

उत्तर: ताई, बसून राहिलात तर मांडीचे स्नायू अशक्त होतात आणि सगळा भार गुडघ्यावर येतो, म्हणून थोडं चालाच. सपाट जागेवर, सुरुवातीला पाच-सात मिनिटं, चढ-उतार आणि जिने सध्या नकोत. गुडघा सुजत असेल, गरम लागत असेल किंवा चालताना अडकत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. आणि त्या झिजलेल्या स्लिपर टाका बाई, मऊ तळाचे बूट घ्या, साडीवर बरे दिसत नाहीत म्हणून अडून बसू नका.