शाश्वत खाण आणि भूतपूर्व आकर

प्रश्न असा आला आहे: 'सस्टेनेबल मायनिंग'ला 'शाश्वत खनन' म्हणावं की 'शाश्वत खाणकाम'? विचारणाऱ्या बाई एका अहवालाचं भाषांतर करत आहेत आणि तिथे अडल्या आहेत.

'खनन' की 'खाणकाम' हा वाद दोन ओळींचा. मराठी माणूस खाणीवर जातो आणि खाणकाम करतो. 'खनन' हिंदी बातम्यांच्या पट्टीवरून खाली उतरलं आहे. 'उत्खनन' हे पुरातत्त्ववाल्यांचं आणि तहसीलदारांचं, आणि तहसीलदारांच्या नोटिशीत ते नेहमी 'अवैध' असतं. आता राहिली एक लाडकी थाप. खाण जमीन 'खाते' म्हणून ती 'खाण', असं मी व्यासपीठावरून टाळ्या घेताना ऐकलं आहे. खाणं 'खाद्'चं, खाण 'खन्'ची. आवाज जुळला म्हणून सोयरीक होत नाही.

माझं भांडण 'शाश्वत'शी आहे. गीतेनं हे विशेषण आत्म्याला लावलं, 'अजो नित्यः शाश्वतोऽयं पुराणः'. आपण ते लोहखनिजाच्या खड्ड्याला लावतो. 'शश्वत्' म्हणजे पुन्हा पुन्हा, अखंड. मासे पुन्हा पैदा होतात, जंगल पुन्हा वाढतं, तेव्हा 'शाश्वत मासेमारी' मी दात-ओठ खात का होईना चालवून घेईन. पण काढलेलं खनिज परत भरून येत नाही. कर्नाटकातल्या कोलारची सोन्याची खाण तीन किलोमीटरच्याही खाली पोचली आणि 28 फेब्रुवारी 2001 रोजी बंद झाली. सोन्याचा शेवटचा कण उचलला होता म्हणून नव्हे; एवढ्या खोलातून तो वर आणणं परवडेना म्हणून. खाणी बहुतेक अशाच मरतात, पोटात थोडं शिल्लक ठेवून.

गोव्याच्या खाणींच्या खटल्यात 21 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं वर्षाला 2 कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेतला 10 टक्के वाटा एका निधीत टाकायला सांगितला, पुढच्या पिढ्यांसाठी. त्या निधीचं नाव 'गोवन आयर्न ओर पर्मनंट फंड'. 'पर्मनंट' काय आहे? निधी. खाण नव्हे. विशेषण कुठे बसतं हे न्यायालयाला बरोबर कळलं, मग आपल्या परिभाषा समित्यांना काय होतं? 'जबाबदार खाणकाम' म्हणा, 'बेतानं खाणकाम' म्हणा. दुसरा शब्द समितीला गावंढळ वाटेल, पण अर्थ त्यातच नेमका आहे.

आता खरी गंमत. संस्कृतात खाणीला आणखी एक शब्द आहे: आकर. रत्नाकर म्हणजे रत्नांची खाण, म्हणून समुद्र. पद्माकर, कमलाकर म्हणजे कमळांनी भरलेलं तळं. तुमच्या घरात या नावाचे एखादे काका असतीलच. (दिवाकर आणि प्रभाकर यांनी या रांगेत उभं राहू नये, त्यांच्यातला 'कर' करण्यातला आहे.)

अमरकोश एका फटक्यात सांगतो, 'खनिः स्त्रियामाकरः स्यात्', म्हणजे दोन्ही एकच. अमरसिंहाला नमस्कार, पण मला हे मान्य नाही. 'खनि' शब्द खणण्यातून आला. त्यात कुदळ आहे, खड्डा आहे. 'आकर' मात्र आ + कॄ, म्हणजे विखुरणं, पसरून रास पडणं. विकीर्ण, संकीर्ण, प्रकीर्ण हे सगळे त्याच घरचे. आकर म्हणजे जिथे धातू पसरून, साठून पडले आहेत ती जागा. कुणी खणो वा न खणो. पाणिनीच्या व्याकरणावर 'काशिका' टीका लिहिणारे वेगळं सांगतात: 'एत्य तस्मिन् कुर्वन्ति', येऊन तिथे काम करतात म्हणून आकर. या न्यायानं सरकारी कचेरीही आकर ठरेल, निदान येण्यापुरती तरी. संस्कृत-इंग्रजी कोशकार मोनिअर-विल्यम्सनं शब्द 'कॄ'खालीच ठेवला आहे आणि मी त्याच्या बाजूला आहे.

कौटिल्यानं तर अधिकारीच दोन नेमले. आकराध्यक्षाकडे धातू, खन्यध्यक्षाकडे शंख, हिरे, मोती, पोवळी, क्षार. (मोती खणून निघत नाहीत, हे माझ्या सिद्धान्ताला गैरसोयीचं आहे, कबूल. पण खुर्च्या दोन होत्या.) आणि या आकराध्यक्षाला पहिलंच काम काय दिलं आहे पाहा: किट्ट, मूषा, अंगार, भस्म, म्हणजे धातूची मळी, मुशी, कोळसे आणि राख यांच्या खुणांवरून 'भूतपूर्व' आकर ओळखायचा. आपल्याला भूतपूर्व मंत्रीच ठाऊक. इथे भूतपूर्व खाण आहे आणि तिच्या उकिरड्यात पुन्हा हात घालायला सांगितलं आहे.

टाकून दिलेल्या वस्तूंतून धातू परत काढण्याला आज जे 'अर्बन मायनिंग' म्हणतात आणि मराठीत 'शहरी खाणकाम' असं काहीतरी दीनवाणं लिहितात, ते याहून वेगळं काय आहे? गोव्यात डिचोली-सांखळीकडे रस्त्यालगत लाल टेकड्या दिसतात, त्यांवर झुडपंही उगवली आहेत. त्या टेकड्या नव्हेत, डंप. एक टन माल काढताना अडीच-तीन टन माती-दगड बाजूला पडत गेला, त्याच्या राशी. चीननं हलक्या प्रतीचा माल घ्यायला सुरुवात केली तेव्हा यातल्याही काही राशींना भाव आला. तोक्योनं तर ऑलिम्पिकची सगळी पदकं टाकून दिलेल्या उपकरणांतून काढली: सुमारे 79 हजार टन उपकरणं गोळा झाली, त्यांत 62 लाख मोबाइल, निघालं 32 किलो सोनं आणि साडेतीन हजार किलो चांदी. नीरज चोप्राच्या पदकाला कुणी डोंगर फोडला नाही. जुन्या फोनची रास, तीही शहरभर विखुरलेली, मग गोळा केलेली. 'कॄ' धातू याहून चांगला कुठे बसणार? याला 'नगर-आकर' म्हणा, माझी काही हरकत नाही. 'शाश्वत'चा मोह आवरत नसेल तर तो इथे लावा. तिथेही थोडा खोटाच, कारण प्रत्येक वितळवणीत काहीतरी हातचं जातंच.

आकर मराठीत मेलेला नाही. ग्रंथालयातले लोक रोज 'आकरग्रंथ' म्हणतात, म्हणजे जिथून संदर्भ काढायचे ते कोश, सूची वगैरे. धोका आहे तो मुद्रितशोधकांकडून. एका वाचनालयात कपाटावर ठळक अक्षरांत पाटी पाहिली: 'आकारग्रंथ'. मी तिथल्या ताईंना विचारलं, हा काना कुठून आला? त्या म्हणाल्या, "अहो काका, आत सगळी मोठ्या आकाराची पुस्तकं आहेत ना, म्हणून."