दुबईत १८ वर्षं राहिल्यावर ते आपलं वाटतं का?

तुम्ही विचारलंय की परदेशात खूप वर्षं काढली की तिथलं आपलं वाटायला लागतं का. मी गुहागर तालुक्यातला, २००४ ते २०२२ दुबईत स्टोअरकीपर होतो. जागा आपली वाटते हो, अगदी मनापासून वाटते, पण कागद शेवटपर्यंत आपला होत नाही आणि तिथे सगळं कागदावरच चालतं.

अमेरिकेत निदान ग्रीन कार्ड, मग सिटिझनशिप असं काहीतरी पुढे दिसतं, आमच्यासारख्या साध्या नोकरदाराला दुबईत तसं काहीच नव्हतं. व्हिसा कंपनीचा, दोन-तीन वर्षांनी रिन्यू, दर वेळी मेडिकल, आणि अठराव्या वर्षी पण पहिल्या वर्षासारखीच धाकधूक. सलग सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं तर व्हिसा बाद होतो, त्यामुळे आई अंथरुणाला खिळलेली तेव्हा मी गावाला तिच्या उशाशी बसून तारखा मोजत होतो, आणि शेवटी निघालोच. ते अजून सलतं.

बाकी सवय कशाचीही होते. खाडीच्या एका काठच्या बर दुबई भागातून पलीकडच्या देऱ्याला अब्राने जायचो, १ दिरहॅम, लाकडी होडी, डिझेलचा वास, डोळे मिटले की लहानपणीची धोपाव्याहून दाभोळला जाणारी तर, म्हणजे आमच्याकडची होडीच, आठवायची. रूमवर आम्ही सहा जण, त्यात खेडचा एक, दोघं मलयाळी, एक पेशावरचा, कोणाच्या घरी काही वाईट झालं की त्या रात्री कोणीच जेवायचं नाही. तेवढ्यापुरतं ते घरच होतं माझं.

पैशाचं एक सांगतो कारण हे कोणी आधी सांगत नाही. बाहेरच्या माणसाला तिथे पेन्शन नाही, हातात येते ती ग्रॅच्युइटी, पहिली ५ वर्षं वर्षाला २१ दिवसांचा आणि पुढे ३० दिवसांचा पगार, तोही फक्त बेसिकवर, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगारावर, म्हणून ऑफर लेटरमध्ये एकूण आकडा बघून खूश होऊ नका, बेसिक किती ते आधी बघा, माझा फारच कमी होता आणि ते मला शेवटी कळलं.

आणि गावचं घर बंद ठेवू नका. मी दर मे महिन्यात शाकारणीचे, म्हणजे पावसाआधी छप्पर नीट करायचे पैसे चुलतभावाला आधी पाठवायचो, मग बाकीचे खर्च. आमच्या शेजारचं घर दोनच पावसाळे बंद होतं, वाळवीने वासे खाल्ले आणि पडवी बसली.